आल्यावर कळेल

पोस्ट मोठी आहे. तालुक्याच्या राजकारणाचं वाचायला इथे येणाऱ्यांनी आज सोडून दिली तरी राग नाही. पण हा विषयही माझ्या मते सार्वजनिकच आहे, म्हणून इथे लिहितोय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर ऑटिझम. त्याचं नाव लिहीत नाही, फोटोही टाकणार नाही. मोठा झाल्यावर स्वतःबद्दल लोकांना काय सांगायचं ते त्याचं तो ठरवेल. भोर सोडून मी कोथरूडला आलो ते पुण्यात मोठी नोकरी लागली म्हणून, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. आठवड्यातून तीनदा भोर-पुणे-भोर करून पोराची थेरपी होईना, म्हणून २०२१ मध्ये पौड रस्त्याच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बातम्या अजून भोरच्याच करतो. निम्मा आठवडा तिकडे, निम्मा इकडे.

गावी जाताना आम्ही चांदणी चौकातून हायवेला लागायचो. तिथला जुना पूल दिसला की पोरगा "पूल" म्हणायचा. तेव्हा त्याच्या तोंडी मोजून पंधरा-वीस शब्द होते, त्यातला हा एक. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री तो पूल स्फोटकं लावून पाडला. आठवडाभर आधीपासून पेपरात रोज नकाशे, वाहतूक कुठून वळवणार त्याच्या चौकटी, सहाशे किलो स्फोटकांची चर्चा. अख्ख्या पुण्याला माहीत होतं. पुढच्या वेळी गावी निघालो तर पूल नाही. पोरगा आधी मान वळवून मागे बघत राहिला, मग वारज्यापासून जो ओरडायला लागला तो खेड शिवापूरपर्यंत. आम्हाला वाटलं कान दुखतोय. बायकोने दोन ठिकाणी गाडी थांबवायला लावली, पाणी पाजलं, पाठ थोपटली. पुलाचं आमच्या ध्यानातही आलं नाही. पुढे कित्येक महिने त्या चौकात आलं की तो खिडकीला चिकटायचा. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं, तेव्हा पुढे पुढे काय बदलणार हे मी बातमीसारखं लोकांना सांगत होतो. मागच्या सीटवर बसलेल्याला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमधली चार कुटुंबं एका थीम पार्कला निघाली. नाव लिहीत नाही, कारण चूक पार्कची कमी आणि आमची जास्त होती. मोठे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधारातून जाणारी होडी असं सगळं तिथे. आम्ही ठरवलं, पोराला आधी सांगायचं नाही. गंमत करू. "कुठे चाललोय, सांग बघू!" असं बायको त्याला गाडीत विचारत होती आणि मी हसत होतो. गेटच्या आत पहिल्याच रांगेत तो जमिनीवर बसला, कानांवर हात ठेवले आणि किंचाळायला लागला. समोर ढोल वाजवत कुणीतरी कार्टूनचा वेष घालून आला, तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. मागच्या एक काकू म्हणाल्या, "लाडावून ठेवलं की असं होतं." एकाने मोबाईल काढला. सुरक्षा रक्षक येऊन म्हणाला, "साहेब, जरा बाजूला घ्या त्याला." तो बिचारा नीटच बोलला. पाऊण तासात आम्ही परत पार्किंगमध्ये होतो. येताना कोणी कोणाशी बोललं नाही. बायको एवढंच म्हणाली, "पुन्हा नाही हो न्यायचं त्याला कुठे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण "कुठे" म्हणजे कुठे? लग्न नको, जत्रा नको, बाग नको, हॉटेल नको. अशी घरं मला माहीत आहेत, जिथून मूल गेली दहा वर्षं फक्त दवाखान्यासाठी बाहेर पडलंय.

कोथरूडमध्ये पोरगा ज्या बाईंकडे शिकायला जातो त्यांना हे सांगितलं. मला वाटलं, सहानुभूती मिळेल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याला आधी काय दाखवलं होतं?" मी म्हटलं, गंमत करायची होती. त्या म्हणाल्या, "दादा, गंमत तुमची झाली असती. तुमच्या डोळ्यांना पट्टी बांधून कुणी गाडीत घातलं आणि ढोलांसमोर नेऊन सोडलं तर?" मग ड्रॉवरमधून एक लांब पट्टी काढली. तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली चित्रांची कार्डं. वरपासून खालपर्यंत दिवस मांडलेला: दात घासणे, पोहे, रिक्षा, बाईंचं घर, पुन्हा रिक्षा, झोका. काम झालं की कार्ड काढायचं आणि खालच्या पाकिटात टाकायचं. पाकिटावर लिहिलेलं, "झालं."

मी म्हटलं, आम्ही त्याला तोंडाने सांगतोच की रोज. त्या म्हणाल्या, "बोललेलं उडून जातं हो. त्याला परत बघता येत नाही. कार्ड तिथेच राहतं."

ही काही आजकालची टूम नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये राज्यभरासाठी 'टीच' नावाचा कार्यक्रम सुरू केला. अशा चित्रांच्या वेळापत्रकांचा प्रसार त्यातून झाला. त्या काळात मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आई मायेने वागली नाही म्हणून मूल असं होतं. शॉप्लरने ते साफ नाकारलं आणि आईवडिलांनाच उपचारात बरोबरीने घेतलं. हे सांगायचं कारण म्हणजे रांगेतल्या त्या काकू पन्नास वर्षांनंतरही जुन्याच मताच्या आहेत.

तर आम्ही कामाला लागलो. सुरुवात मेट्रोपासून. वनाज स्टेशन आमच्या घरापासून जवळ. पाच कार्डं केली: जिना, तिकीट, मेट्रो, गरवारे कॉलेज, उसाचा रस. फोटो मी स्वतः जाऊन मोबाईलवर काढले, कारण चित्रातला कुठला तरी जिना त्याला चालत नाही, वनाजचाच लागतो. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून लॅमिनेशन केलं. तो म्हणाला, "काय साहेब, निवडणुकीचं काय चाललंय का?"

मेट्रो त्याला पहिल्याच दिवशी आवडली. का, ते मला तिसऱ्या फेरीत कळलं. दाराच्या वर स्टेशनांची पट्टी असते. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज. पुढे काय येणार हे आधी लिहिलेलं, मग बोलून सांगितलेलं, आणि मग खरोखर तेच येतं. आमच्या बाईंच्या पट्टीत आणि त्या पट्टीत काय फरक आहे? शहरात एक जागा अशी निघाली की जी माझ्या पोराशी त्याला कळेल अशा भाषेत बोलते, आणि ती त्याच्यासाठी म्हणून कुणी केलेली नव्हतीच. सगळ्यांसाठीच होती.

मग लक्षात यायला लागलं की आपणही सगळे असंच जगतो. लग्नपत्रिकेत हळद कधी, मुहूर्त कधी, जेवण कधी हे छापतो. पुण्यात विसर्जनाला कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला, तो मोडायचं म्हटलं तर काय होईल विचार करा. आपल्याला क्रम लागतो, फक्त आपल्याला तो डोक्यात धरता येतो. त्याला हातात धरावा लागतो, एवढंच.

बाईंनी एक कार्ड मात्र वेगळं करायला लावलं. केशरी रंगाचं, त्यावर एक वळलेला बाण आणि एकच शब्द: "बदल". कारण वेळापत्रक दिलं आणि ते चुकलं, तर मूल आधीपेक्षा जास्त कोसळतं. म्हणून बदलाचीही सवय करायची, आणि तीही गोड बदलांपासून. पोह्यांचं कार्ड लावलंय, त्यावर "बदल" ठेवायचं आणि शिरा द्यायचा. रिक्षाच्या जागी "बदल", आणि बाबांच्या खांद्यावर बसून जायचं. कडू बदल नंतर. हे दोन-तीन महिने चाललं. पहिल्या आठवड्यात त्याने ते कार्ड दोनदा खिडकीतून खाली फेकलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोन्ही वेळा आणून दिलं आणि विचारलं, "हे कसलं हो पत्त्याचं पान?"

आणि मग या वर्षी पुन्हा त्याच पार्कला जायचं ठरवलं. मंगळवारी, शाळांना सुट्टी नसताना.

कार्डं करायची म्हणजे माहिती हवी. बातमीदाराला माहिती काढणं काय अवघड, असं मला वाटलं. फोन लावला. "नमस्कार, येत्या मंगळवारी कुठले खेळ दुरुस्तीसाठी बंद असतील?" उत्तर आलं, "सर, ते आल्यावर कळेल." "बरं, दुपारचा शो किती वाजता?" "तो त्या दिवशी ठरतो सर." "आवाज सहन न होणाऱ्या मुलाला थोडा वेळ बसवायला शांत खोली आहे का?" पलीकडे जरा शांतता. "आल्यावर काउंटरला विचारा सर."

आल्यावर कळेल! वीस वर्षं पत्रकारिता करतोय, डिप्लोमाला असताना पहिली बातमी केली तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. दाखला कधी मिळेल, डॉक्टर कोणत्या वारी असतात, पाणी कधी येईल. कुठल्या एका कार्यालयाला बोलत नाही, हे आपल्या सगळ्या व्यवहाराचंच बोधवाक्य आहे. धडधाकट माणूस आल्यावर कळून घेतो. एक खेप वाया गेली तर चार शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. माझ्या पोराची एक खेप वाया गेली तर घराचं दार दोन वर्षं बंद होतं. फरक एवढाच आहे.

शेवटी फोटो मिळवले ते तिथे जाऊन आलेल्या लोकांनी यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओंमधून. एकेक थांबवून स्क्रीनशॉट. बारा कार्डं झाली: गाडी, नाश्ता, गेट, हाताची पट्टी, रांग, होडी, बाक, जेवण, छोटी आगगाडी, आइस्क्रीम, गाडी, घर. रांगेचं कार्ड बाईंनी आग्रहाने घालायला लावलं. त्यांचं म्हणणं, आपण पोरांना नुसतं "होडी, होडी" सांगतो आणि चाळीस मिनिटं रांगेत उभं करतो. पोरगं म्हणतं, होडी कुठाय? त्याच्या बाजूने बघितलं तर आपण खोटं बोललेलो असतो. म्हणून आधी रांग, मग होडी. रांगेसाठी वाळूचं घड्याळ बरोबर. "घर" हे कार्डही तितकंच महत्त्वाचं. हे संपणार आहे, आपण परत आपल्या गादीवर जाणार आहोत, हे दिसत असलं की मधलं बरंच सोसतं.

तीन आठवडे रोज रात्री ती पट्टी लावून बघितली. मंगळवारी सात वाजता निघालो. चांदणी चौक ओलांडताना तो खिडकीला नव्हता, पट्टी मांडीवर घेऊन बसला होता. नाश्ता झाला, कार्ड पाकिटात. गेट, पाकिटात. हाताला पट्टी बांधून घेताना जरा कुरकुरला, पण कार्डाकडे बघितलं आणि हात पुढे केला. कानांवर आवाज कमी करणारे मफ होते. पुढे रांगेचं कार्ड. आम्ही होडीच्या दाराशी आलो.

दाराला साखळी आणि पाटी: "देखभालीसाठी बंद".

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी "बदल" कार्ड काढलं आणि होडीवर ठेवलं. त्याने ते उचललं, जमिनीवर ठेवलं. मी पुन्हा लावलं. त्याने पुन्हा काढलं. मग तो फरशीवर बसला आणि हलायला लागला, पुढे मागे, पुढे मागे. ओरडला नाही अजून. पण ओरडणं कुठून सुरू होतं ते आम्हाला माहीत आहे. माझ्या पोटात गोळा आला. मनात आलं की, बघ, पुन्हा तेच.

तेवढ्यात शेजारी उभी असलेली गणवेशातली एक मुलगी आली. विशी-बाविशीची असेल. मला वाटलं, आता "बाजूला घ्या" म्हणणार. ती खाली बसली, पोराला हात लावला नाही, पट्टीकडे बघून मला विचारलं, "सर, हे काय आहे?" मी दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "अहो, दिवसभर बंद नाहीये. मेकॅनिक आलेत आत. जेवणाच्या सुट्टीनंतर चालू करणार आहेत, तीनच्या सुमाराला." मग स्वतःच म्हणाली, "मग हे होडीचं इथून काढून जेवणाच्या खाली लावायचं का?"

मी होडी काढली. जेवणाच्या खाली लावली. "बदल" वर ठेवलं. तो हलायचा थांबला नाही लगेच. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग त्याने बोट ठेवलं, जेवणावर, मग होडीवर. पुन्हा जेवण, होडी. आणि उठला.

बघा, माहिती होती! तीन वाजता चालू होणार हे त्या मुलीला माहीत होतं, मेकॅनिकला माहीत होतं, साहेबालाही असणार. फक्त पाटीवर नव्हती आणि फोनवर नव्हती. पाटीवर खडूने "दुपारी ३ ला सुरू" एवढं लिहायला किती खर्च आला असता?

होडी तीन वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. वाळूचं घड्याळ आम्ही सहा वेळा उलटं केलं. अंधारातून, पाण्यावरून ती हळूहळू गेली आणि चार मिनिटांत परत आली. त्याचा चेहरा मला अंधारात दिसला नाही, माझं बोट मात्र त्याने करकचून धरलं होतं. बाहेर आल्यावर आम्ही दोघं म्हणालो, "परत? परत जायचं?" गर्दी नव्हती, ती मुलगीही "या, या" म्हणत होती. त्याने होडीचं कार्ड काढलं, पाकिटात टाकलं आणि पाकीट आम्हाला दाखवलं. झालं म्हणजे झालं. पुढे आगगाडी होती.

आता कायद्याचं थोडं, कारण ते माझं काम आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये आला, प्रकार एकवीस झाले आणि ती आत आली. त्याच्या कलम २९ मध्ये करमणूक आणि सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याचं लिहिलंय. कलम ४६ म्हणतं की सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याने सुगम्यतेचे नियम पाळायचे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की हे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत. पण सुगम्यता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रॅम्प येतो. रॅम्प हवाच, त्यासाठीही लोक वर्षानुवर्षं भांडतायत. रॅम्प फोटोत दिसतो, त्याची फीत कापता येते. "उद्या होडी बंद आहे" हे आदल्या रात्री वेबसाइटवर टाकलं तर त्याची फीत कोण कापणार?

पण माझ्या पोराचा रॅम्प तोच आहे. आणि मेट्रोच्या पट्टीसारखा तो बाकीच्यांनाही चालतो, गुडघे दुखणाऱ्या आजीला, तान्हं मूल घेऊन आलेल्या आईला, परगावाहून एका दिवसासाठी आलेल्या शेतकऱ्याला.

एक सांगतो, नाहीतर मी जादू विकतोय असं वाटेल. कार्डांनी मूल "बरं" होत नाही, तो आजार नाहीच. काही मुलांना फोटो कळत नाहीत, त्यांना वस्तूच द्यावी लागते, होडीसाठी छोटी होडी. काहींना कार्डं लागतच नाहीत. आणि कार्ड म्हणजे छडी नव्हे, "आधी हे कर, नाहीतर आइस्क्रीमचं काढून टाकीन" असं मी एकदा केलं होतं. बाईंना कळल्यावर त्यांनी मला पोरासमोर झापलं, बरोबरच झापलं.

सगळा खर्च धरून साडेतीनशे रुपये आला. कार्डांच्या मापाचा कोरा नमुना माझ्याकडे आहे, हवा असेल त्यांनी सांगा, पाठवतो. फोटो मात्र ज्याचे त्याने काढायचे. आमची होडी तुमच्या पोराच्या कामाची नाही, आणि ती कुठल्या दिवशी बंद असते हे फोनवर अजूनही सांगत नाहीत. परवाच पुन्हा विचारून बघितलं.